दोन आखूड, एक लांब

आजवर मी नुसती वाजत आले, आज बोलणार आहे. मी शिट्टी. पितळेची, वरचा मुलामा उडालेली, पोटात बुचाची एक गोटी आणि कडीला हिरवी मळकी दोरी. माझं बोलणं गोड लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. शिट्टीच्या तोंडात कुणी साखर घातलेली नाही, आणि माझ्यावर जे गुदरलं ते ऐकल्यावर तुम्हीही ती मागणार नाही.

जन्म मेरठच्या एका कारखान्यात. पत्रा कापला, वाकवला, डाख लावला, गोटी आत टाकली. एका म्हाताऱ्या कारागिरानं फुंकून पाहिलं आणि बाजूच्या ढिगात फेकलं. तिथून फिरत फिरत बेळगावच्या बाजारात आले. तिथं मला जयराज हवालदारानं विकत घेतलं. फौजेत तो नव्या रिक्रुटांना शिकवायचा, म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणत. निवृत्त होऊन तो उंब्रजच्या अलीकडं आपल्या गावी आला, तसा मलाही घेऊन आला. गावाला लागून मैदान होतं, कडेला पाण्याची टाकी. तिथं त्यानं बोर्ड लावला आणि भरतीच्या पोरांची अकॅडमी काढली. आमच्या भागात घर तिथं फौजी. कुणाच्या दारात आंबा नसेल, पण भिंतीवर वर्दीतला फोटो असणारच.

उस्तादानं माझ्यावर तीन हुकूम बसवले होते. तीन आखूड वाजल्या की असाल तिथून यायचं आणि मैदानाला गोल धरून उभं राहायचं. दोन आखूड वाजल्या की पळायचं. आणि एक लांब वाजली की जमीन पकडायची, चिखल असो नाहीतर काटे, पालथं पडायचं. पोरं महिनाभरात अशी तयार व्हायची की विचारू नका. माणसाची एक खोड मी तिथं ओळखली. पाय आधी ऐकतात, डोकं मागून येतं.

त्या पोरांत एक धैर्यशील होता. पळायला उभा राहायचा सगळ्यांत पुढं, छाती काढून. पण टाकी आली की तिच्या मागं बसून राहायचा, आणि शेवटच्या फेरीला पोरं आली की हळूच त्यांच्यात मिसळायचा. तोंडावर पाणी मारून घाम दाखवायचा. मला दिसायचं. उस्तादालाही एकदा दिसलं. मला वाटलं, आता वाजवतो मला आणि पळवतो ह्याला संध्याकाळपर्यंत. पण उस्ताद हसला.

"डोकं लय हाय बेण्याला," म्हणाला. "फौजेत न्हाई तर धंद्यात नाव काढंल."

त्या दिवशी पळवला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. उस्तादाचा तो पहिला गुन्हा. दुसरा पुढं येतोच आहे.

आणि एक होता शंभूराज. विजयमालाचा एकुलता एक. बाप लहानपणीच गेला. दोन म्हशी आणि तीस गुंठे रान, एवढ्यावर त्या बाईनं त्याला वाढवला, तोही असा की फेरीला सुटला की मागचे नुसती त्याची धूळ खायचे. यासीन तेवढा त्याच्या जवळपास पोचायचा. यासीन जरिनाचा मुलगा. जरिना शिलाईचं काम करायची, अकॅडमीच्या पोरांच्या पँटी तिच्याच मशीनवर शिवल्या जायच्या. दोघं एकाच डब्यात जेवायचे आणि एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय त्यांची सकाळ उजाडत नसे.

शंभूराजच्या रानाला लागून नाथाजीचं रान, सतरा एकर. नाथाजीचा ट्रॅक्टर दर नांगरटीला हातभर बांध कोरायचा. गाव बघायचं आणि गप्प बसायचं, कारण नाथाजीकडं सगळ्यांचंच कधी ना कधी काम पडायचं. एका वर्षी शंभूराज जाऊन ट्रॅक्टरपुढं आडवा झोपला.

"कोर," म्हणाला. "माझ्या अंगावरनं ने आणि कोर."

ट्रॅक्टर मागं फिरला. विजयमाला ती गोष्ट चार वर्षं सांगत होती. डेअरीत सांगायची, गिरणीत सांगायची, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या बाईलाही सांगायची. "माझ्या पोरानं थोरल्याचा ट्रॅक्टर फिरावला बगा," म्हणायची. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

नशीब मात्र फुटकं. रोगाची साथ आली, दोन वर्षं भरती बंद पडली. सुरू झाली तेव्हा नियम बदलले होते आणि दोघांची वयं उलटून गेली होती. शंभूराज तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी उस्तादानं मला स्वतःच्या गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातलं.

"फौजी न्हाई तर न्हाई, गड्या. उस्ताद हो."

ती दोन वर्षं माझी खरी वर्षं. त्याच्या छातीत केवढा दम होता! फुंकर मारली की कावळे उडायचे.

मग धैर्यशील उगवला. पांढरी गाडी, पांढरे कपडे, साताऱ्यात कचेरी. मैदानात येऊन आधी उस्तादाच्या पाया पडला. रशियात माणसं हवीत म्हणाला. गोदामाची राखण, सामान हलवणं, लढाईशी काडीचा संबंध नाही. "वर्दी बी मिळंल, उस्ताद. पोरांची हौस तरी फिटंल." उस्तादाला वर्दी म्हटलं की पुढचं ऐकू येत नाही. त्यानंच दोघांना बसवून सांगितलं, जावा.

विजयमालानं एकच विचारलं. "लढाई हाय न्हवं तिकडं?"

"आवं काकू, लढाई शंभर कोस लांब," धैर्यशील म्हणाला. "तुमचं पोरगं खुर्चीवर बसंल."

आम्ही गेलो. शंभूराजनं मला शर्टाच्या आत ठेवलं होतं. विमानतळावरून एका गाडीनं थेट छावणीत नेलं आणि पुढ्यात कागद टाकले. अक्षर उलटं की सुलटं तेही कळेना. शंभूराजनं उस्तादाला फोन लावला.

"उस्ताद, कागद वाचाय येत न्हाई. सही मागत्यात. यासीन म्हनतोय, नगं."

आता ऐका उस्तादाचा दुसरा गुन्हा. तो फोनवर हसला. "वर्दीच्या कागदावर फौजी सवाल करत न्हाई रं. मर्दावानी सही कर." तीस वर्षं त्यानं असंच केलं होतं, स्वतःच्या देशाच्या कागदावर. कागद कुणाचा आहे हे विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसानं असा सल्ला दिला नसता. फौजींच्या गावानंच दिला.

सही झाली, कागदाचा फोटो धैर्यशीलला गेला. फोन काढून घेतले. पंधरा दिवस बंदूक शिकवली आणि गाडीत भरून पुढं नेलं.

तिकडं काय चाललं होतं ते मी माझ्या अकलेनं सांगते. एक थोरला देश, त्याच्या शेजारी युक्रेन नावाचा धाकटा. थोरल्याच्या मनानं घेतलं की धाकट्याचं रान आपलंच, आणि तो रणगाडे घेऊन शिरला. राजकारण मला कळत नाही, माझ्या पोटात एकच गोटी. पण बांध कोरलेला मला ओळखू येतो. तिकडं दोन रानांच्या मधे झाडांची लांब रांग असते, तोच त्यांचा बांध. त्या झाडांच्या मुळात आमच्या पोरांना खंदक खणायला लावला.

शेजारच्या घरात एक म्हातारा शेतकरी मागं राहिला होता. रोज येऊन लांब उभा राहायचा आणि ह्यांचं खणणं बघायचा. शिवी नाही, रडणं नाही, नुसता बघायचा. एक दिवस खाली वाकला, खणलेल्या मातीतलं एक ढेकूळ उचललं आणि परत झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवलं. तिकडच्या साहेबानं त्याला बंदुकीच्या दस्त्यानं ढकलून दिला.

शंभूराजचं फावडं थांबलं. "यासीन, आपण बांध कोरतूय रं."

"गप खण. त्यो बगतोय."

"नाथाजीच्या ट्रॅक्टरवर मीच बसलूय, यासीन. आयेला काय सांगू?"

यासीन खणत राहिला. त्याच्या हाताला फोड आले होते, ते तो शंभूराजपासून लपवायला बघत होता.

आपल्या देशाची सहा पोरं होती तिथं, कोण पंजाबचा, कोण केरळचा. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. शंभूराजनं त्यांना माझे तीन हुकूम शिकवले. आठ दिवसांत सगळे तयार झाले. त्या परक्या रानात मी त्यांची भाषा झाले.

नवव्या की दहाव्या दिवशी, भर दुपारी, आकाशात गांधीलमाशीसारखं काहीतरी घोंगावत आलं, पोटाखाली बॉम्ब बांधलेलं. शंभूराज खंदकाच्या तोंडाशीच उभा होता. एक उडी मारली असती तर आत होता. बाकीचे पाचजण उघड्यावर लाकडं ओढत होते. त्यानं उडी मारली नाही. मला तोंडात धरलं आणि एक लांब फुंकली. आयुष्यात मी तशी वाजले नव्हते. पाचही पोरं आडवी झाली. उभा राहिला तो एकटा, कारण आडवं पडून लांब शिट्टी वाजत नाही, छाती भरावी लागते.

दोन क्षण होते त्याच्याजवळ. ते त्यानं मला दिले. मी ते कसे विसरू?

बॉम्ब फुटला, शंभूराज जागीच गेला, पाचांतले चार वाचले. यासीनच्या पायाचं मांस गेलं, पण जीव होता. त्याला एका गाडीत घातलं आणि शंभूराजला दुसऱ्या. मी शंभूराजच्या गळ्यात होते. पुढचे सात महिने शवागाराच्या अंधारात, थंडीत, त्याच्याबरोबर. तिथंच मी ठरवलं की मला परत एकदा वाजायचंय. उस्तादासाठी नव्हे, भरतीसाठी नव्हे. टाकीमागं बसणाऱ्या त्या माणसासाठी.

पेटी गावात आली तेव्हा सगळा भाग लोटला होता. फौजी मेला की आमच्याकडं बिगूल वाजतो, तिरंगा येतो, फेटे घातलेले निवृत्त जवान रांगेत उभे राहतात. शंभूराजला त्यातलं काहीच मिळालं नाही. कुणाच्या फौजेत मेला म्हणून सलामी द्यायची? निवृत्त म्हातारे हात पाठीमागं बांधून उभे राहिले. उस्ताद तर लांब, रस्त्याच्या कडेला. विजयमालाच्या हातात एक पाकीट दिलं. त्यात मी होते, बाकी काही नाही.

तिनं मला पदरानं पुसलं. पुसून पुसून माझा उरलासुरला मुलामाही गेला.

तिला सगळं ठाऊक होतं. यासीननं दवाखान्यातून कुणाच्या तरी फोनवरून जरिनाला एकदाच फोन केला होता. "अम्मी, आमाला दुसऱ्याचा बांध कोराय लावलं. शंभूनं लांब वाजवली. आमी झोपलो. त्यो उभाच ऱ्हायला," एवढं बोलला आणि फोन तुटला. त्यानंतर आवाज नाही. जरिना अर्ज घेऊन फिरली. सगळीकडं एकच विचारणा, कुठल्या तुकडीत होता, नंबर काय? नंबर असल्याशिवाय वकिलातीला माणूस शोधता येईना. नंबर सहीच्या कागदावर. कागदाचा फोटो धैर्यशीलच्या फोनमध्ये. आणि धैर्यशील म्हणाला, "मी न्हाई पाठवलं कुणाला. पोरं आपल्या मनानं गेली. माझ्याकडं कसला कागद?"

दोन आया. एकीला नंबर हवा होता, कारण तिचं पोर अजून जिवंत असायची शक्यता होती. दुसरीला काय हवं होतं ते मला विचारा. रोज संध्याकाळी म्हशींची धार काढून झाली की विजयमाला मला मुठीत धरून ओट्यावर बसायची आणि पुटपुटायची.

"बांध कोरनाऱ्याच्या बाजूला हुबा केला गं माझा लेक. मेला त्येचं एक दुख हाय. पन चोराच्या बाजूनं मेला, ह्ये कसं गिळू?"

आणि बघा माणसाची जात. बातमी आल्यावर पहिल्याच नांगरटीला नाथाजीनं हातभर बांध कोरला. अडवणारा राहिला नव्हता ना! मी तेही नाव मनात घेऊन ठेवलं.

चैत्रात गावची जत्रा आली. कुस्त्यांचं मैदान दरवर्षी अकॅडमीच्याच मैदानात भरतं, मधे लाल मातीचा आखाडा. शेवटच्या कुस्तीला चांदीची गदा होती. कुणी दिली असेल? भोंग्यावरून सांगत होते, "आपल्या भागातील तरुणांना परदेशात रोजगार मिळवून देणारे, दानशूर, धैर्यशीलभाऊ!" पांढरे कपडे, गुलाबी फेटा. हलगी कडाडली. पैलवानांची जोड लावायला तो आखाड्यात उतरला. पंच म्हणून उस्ताद खुर्चीवर बसला होता, मान खाली घालून.

बायका लांब देवळाच्या कट्ट्यावर. विजयमाला आणि जरिना शेजारी शेजारी. मी विजयमालाच्या पदराखाली. "दानशूर" शब्द ऐकला आणि तिची मूठ अशी आवळली की मला वाटलं, आता माझा चेंदामेंदा होतो. ती उठली. जरिनानं पदर धरला, तो सोडवून चालू लागली. माणसांतून वाट काढत थेट लाल मातीत पाय ठेवला. हलगी थांबली.

भाऊसो म्हणून गावातले जुने पैलवान, ते धावत आले. "आवं विजयमाला, बाईमानसानं मातीत उतरायचं न्हाई. रीत हाय गावाची."

"माझं पोर मातीत गेलं, तवा कुटं गेलती गावाची रीत?" ती म्हणाली. भाऊसो तिथंच थांबले.

तिनं मला तोंडाला लावलं. पहिली फुंकर वाया गेली, नुसती थुंकी आणि घरघर. धैर्यशील माईकवर हसला. "काकू, भावना समजतो आमी. बसा, पानी प्या."

बस्स. तिला दम आला. तीन आखूड!

काय सांगू तुम्हाला! कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला डोळा घातला नव्हता. घरांच्या कौलावरून, लिंबाच्या फांदीवरून, रसाच्या गाड्यामागून पोरं उठली. दहा वर्षांची पोरं, म्हणजे उस्तादाच्या हाताखालून दहा वर्षांत गेलेली. कुणी सुट्टीवर आलेला जवान, कुणी भरतीत नापास झालेला, कुणी आता दुकानात बसणारा. पाय आधी आले. डोकी मागून आली, तोवर मैदानाला गोल धरून शंभर-सव्वाशे जण उभे होते. मग एकमेकांकडं बघितलं, मग विजयमालाकडं, आणि मग सगळ्यांनी मिळून धैर्यशीलकडं बघितलं. तिथून एकही हलला नाही.

दोन आखूड.

धैर्यशीलचा उजवा पाय उचलला गेला! मी पाहिलं. सवय होती ना त्यालाही. त्यानं पाय दाबून ठेवला आणि तो ओरडला, "ह्ये काय चाललंय? पंच, थांबवा की!"

उस्ताद खुर्चीवरून उठला. डोक्याचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला. "धैर्या, पळ," म्हणाला. "तुझ्या फेऱ्या ऱ्हायल्यात. टाकीमागच्या. मी बगितल्या हुत्या आनि हसलो हुतो. चल, माझ्या बी ऱ्हायल्यात." आणि तो साठीचा, एका गुडघ्यानं अधू माणूस पळायला लागला. गोल एक पाऊल आत आला. धैर्यशील पळाला.

पहिली फेरी तोऱ्यात. दुसऱ्या फेरीत फेटा सुटला. तिसऱ्यात पांढऱ्या कपड्यांवर लाल मातीचे फराटे. चौथीला त्यानं टाकीकडं बघितलं. हो, बघितलं! तिथं तीन पोरं पाठ टेकून उभी होती. "हितं जागा न्हाई, भाऊ," त्यातला एक म्हणाला. मला इतका आनंद झाला की पोटातली गोटी थरथरली. लाज वाटत नाही मला सांगायला. थांबला की दोन आखूड. वाकला की दोन आखूड. उस्ताद मागं लंगडत पळत होता, तोंडानं नुसतं "शंभूराज, शंभूराज" म्हणत. सातव्या फेरीला धैर्यशील गुडघ्यावर बसला.

"देतो! नंबर देतो! फोनमध्ये हाय!"

भाऊसोंनी माईक त्याच्या तोंडाशी नेला. गावाला सांगितलं होतं, कसला कागद, कसला फोटो? तोच फोटो उघडून त्यानं धापा टाकत दोघांची नावं वाचली, तुकडी वाचली, नंबर वाचले. जरिना कधी आखाड्यात येऊन उभी राहिली होती कळलं नाही. तिनं ते आकडे सुईनं स्वतःच्या हातावर गोंदावेत तसे पुन्हा पुन्हा म्हणून पाठ केले. दहा पोरांनी लिहून घेतले.

झालं होतं काम. पण विजयमालानं मला खाली घेतलं नाही.

दोन आखूड. "ऊठ."

तो उठला. ओठ निळे पडले होते. दहा पावलं गेला आणि पडला. दोन आखूड. "ऊठ म्हनते!" कुणी तिला अडवेना. पोरं मान फिरवायला लागली होती. आणि मी? मला तर आणखी वाजायचं होतं. मला त्याचा श्वास थांबलेला ऐकायचा होता. खोटं कशाला बोलू?

जरिना तिच्यासमोर आली. "आक्का, बास."

"तुझा हाय. माझा ऱ्हायला न्हाई. सरक."

"म्हनूनच म्हनते," जरिना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "ह्येची दया न्हाई मला, अल्लाशपथ. पन नंबर खोटा निघाला तर उद्या कुनाला इचारू? ह्यो मेला तर माझ्या यासीनचा पत्ता बी मेला. तुझ्या शंभूनं ज्येच्यासाठी जीव दिला, त्येला तू मारू नगंस."

विजयमाला मला दातांत धरून उभी होती. जरिनानं हळूच मला तिच्या तोंडातून काढलं, स्वतःच्या तोंडाला लावलं, आणि एक लांब फुंकली.

सगळा गोल आडवा झाला. शंभर-सव्वाशे पोरं, एका क्षणात, मातीत पालथी. उस्ताद पडला, धैर्यशील पडलेलाच होता, फुंकर संपताच जरिनाही खाली बसली. उभी राहिली फक्त विजयमाला. तिनं सभोवार बघितलं. सगळी जमिनीवर, आणि आपण एकटी उभी. मग तिला समजलं की हेच तिच्या लेकानं शेवटचं पाहिलं होतं.

ती तिथंच खाली बसली आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. पेटी आली तेव्हाही रडली नव्हती. आणि पोरं तशीच पडून राहिली. सुट्टीवर आलेल्या एका जवानानं पडल्या पडल्या कपाळाला हात लावला. मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. शंभूराजला जी सलामी मिळाली नव्हती, ती त्याच्या आईला मातीत मिळाली.

नंबर खरा निघाला. वकिलातीतून पत्र आलं, त्या नंबरचा माणूस एका दवाखान्यात आहे, कागद चालू आहेत. चालू आहेत म्हणजे किती दिवस, ते कुणी सांगत नाही. धैर्यशीलला पोलीस घेऊन गेले आणि मग तो जामिनावर सुटला. गावातून जाताना गाडीच्या काचा वर असतात. उस्तादानं अकॅडमीचा बोर्ड उतरवला. पोरांना शिकवतो, पण टाळ्या वाजवून, आणि कुणी सहीचा कागद घेऊन आलं की आधी विचारतो, वाचता येतो का? नाथाजीच्या बांधाचा दगड एका सकाळी आपोआप जुन्या जागेवर आलेला दिसला. आपोआप, असं नाथाजीच म्हणतो.

मी जरिनाच्या घरी आहे, शिलाई मशीनच्या वरच्या खिळ्यावर. विजयमालानंच मला तिथं अडकवलं. रोज धार काढून झाली की येते, दोघी चहा घेतात, माझ्याकडं बघतात. खिळ्याला अडकवताना ती म्हणाली होती, "यासीन आला की तीन वाजीव. सगळी यीत्याल. आनि न्हाई आला तर..." जरिनानं तिचा हात धरला होता आणि वाक्य तिनंच पुरं केलं, "न्हाई आला तर दोन, आक्का. तवा मी बास म्हननार न्हाई."

तुम्ही ऐकलंत, आता एवढं करा. तुमच्या गावात कुणी पांढऱ्या कपड्यातला येऊन वर्दी देतो म्हणाला, तर कागद कुणाचा आणि बांध कुणाचा, हे विचारा. मला विचाराल तर मी तीन वाजायला तयार आहे, रोज दारात पाऊल वाजलं की कान देते. पण पितळ गंजत नाही, आणि मी दोन वाजायलाही विसरलेली नाही. धैर्यशील, तू त्या दिवशी सातच पळालास. शंभूराज रोज वीस पळायचा.